टीव्ही रात्री बंद केला की सकाळी उठत नाही. फुगलेला कॅप एकही नाही, मग दोष कुणाचा?

विजापूरवेसकर (९ जानेवारी, रात्री १०:१२)

राम राम मंडळी.

घरी बत्तीस इंची एलईडी टीव्ही आहे, नऊ वर्षांचा. दिवाळीच्या सुमारास त्याला एक खोड लागली. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी लागत नाही. लाल दिवा मिणमिणतो, विझतो, परत मिणमिणतो. मागे कान लावला की आतून टिक... टिक... टिक. वीसेक मिनिटं असंच टिकटिकू दिलं की अचानक लागतो आणि मग रात्री अकरापर्यंत ठणठणीत. दुपारी दहा मिनिटं लाइट जाऊन आली तर काही तक्रार नाही, लगेच लागतो. खोड फक्त सकाळची. आधी पाच मिनिटं टिकटिकायचा, आता वीस.

बाबांनी त्यांच्या परीने उपाय केलाय. बटणाच्या वर कागद चिकटवलाय : "हे बटण कोणीही बंद करू नये. हुकुमावरून."

मेकॅनिकला बोलावलं तर त्याने मागचं झाकणसुद्धा न काढता सांगितलं, पॉवर सप्लायचा बोर्डच बदलावा लागेल, साडेतीन हजार. म्हटलं थांबा जरा. रविवारी स्वतःच उघडला. नेटवर जो तो सांगतो, डोकं फुगलेला कॅपॅसिटर (वीज साठवणारी डबी, थोडक्यात कॅप) शोधा. माझ्या बोर्डावर एकाचंही डोकं फुगलेलं नाही, सगळी ताटासारखी सपाट. मोठ्या कॅपच्या बुडाशी मात्र तपकिरी काहीतरी गळून वाळलंय. तो सोडवून मल्टिमीटरवर मोजला. वर छापलंय १०० मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, मीटर म्हणतं ९४. हा चांगला म्हणायचा की गेलेला? आणि न फुगलेला पण मेलेला कॅप ओळखायचा कसा?

शेंगाचटणी (९ जानेवारी, १०:२०)

नऊ वर्षं झाली ना? हात जोडा आणि नवीन घ्या. संक्रांतीच्या ऑफर चालू आहेत.

विजापूरवेसकर (१०:२४)

पैसे तुमच्याकडून येणार असतील तर खाते क्रमांक पाठवतो :)

सिरीजबल्ब (१०:३१)

धागाकर्ते, बाकी सगळं नंतर. तो मोठा कॅप सोडवायच्या आधी डिस्चार्ज केला होता का? कसा केला?

आपल्या २३० व्होल्टचे रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर) सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात आणि ते त्या डब्यात साठून बसतात. प्लग काढला म्हणून जात नाहीत. बोर्ड चालता असेल तर लवकर उतरतात. बोर्ड मेलेला असेल तर बराच वेळ तसेच राहतात, आणि दुरुस्तीला येतो तो मेलेलाच बोर्ड.

विजापूरवेसकर (१०:३८)

स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पाय जोडले. फाट् करून आवाज आला, बाबा आतल्या खोलीतून पळत आले. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला आता खाच आहे.

सिरीजबल्ब (१०:४५)

काय सांगलालास बे! परत असं करू नका.

जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा आणि त्या कॅपच्या दोन पायांना लावा. बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. मग मीटर डीसीवर ठेवून शून्य बघा आणि त्यानंतरच हात घाला. काम उजव्या हाताने, डावा हात खिशात. हे मला उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं. चोवीस वर्षं झाली, अजून इथे प्रतिसाद टंकतोय.

कडकभाकरी (१०:५२)

कॅपॅसिटरचाच विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या हॉलमधला फॅन पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. कधीकधी जागेवरून सुटतच नाही, काठीने ढकलावा लागतो. कंडेन्सर गेला असेल का?

जुनारेडिओ (१० जानेवारी, सकाळी ६:५०)

आधी त्या तपकिरी गोष्टीबद्दल. तो बहुधा गळलेला द्राव नाही, गोंद आहे. उंच कॅप वाहतुकीत हलून पाय तुटू नयेत म्हणून कारखान्यातच बुडाशी चिकट गोंद ओततात. नवा असताना सायीच्या रंगाचा असतो, वर्षानुवर्षं शेकून गुळासारखा होतो. नखाने खरवडून बघा. कडक खपली निघाली तर गोंद. द्राव गळला असता तर जागा चिकट-ओलसर लागली असती, पाय काळे-हिरवे पडले असते आणि खालचा बोर्डाचा हिरवा लेप उठला असता. गोंद आहे म्हणून सोडून मात्र देऊ नका. काही जातीचा गोंद जुना झाला की त्यातून वीज झिरपायला लागते आणि तो आसपासचे तांब्याचे पाय खातो. खरवडून काढा, त्याच्याखाली एखादा रेझिस्टर किंवा डायोड गाडला गेला असेल तर त्याचेही पाय बघा.

९४ बद्दल : छापील आकड्याच्या वीस टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ८० ते १२०. तुमचा मोठा साहेब निर्दोष दिसतो, परत लावा. लावताना अंगावरची पट्टी बघा, पट्टीकडचा पाय ऋण.

आता फुगण्याबद्दल. डोक्यावर ज्या फुलीसारख्या खाचा असतात त्या मुद्दाम ठेवलेल्या कमकुवत जागा आहेत. आत वायू धरला की डबा फुटण्याऐवजी तिथून उघडतो. पण प्रत्येक कॅप वायू धरून मरत नाही. पुष्कळसे नुसते सुकतात. आतला द्राव बुडाच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं कणाकणाने उडून जातो, दाब तयारच होत नाही, डोकं शेवटपर्यंत सपाट. आणि अगदी लहान कॅपच्या डोक्यावर तर बऱ्याचदा खाचाही नसतात, ते फुगून दाखवणार कुठून?

शेंगाचटणी (सकाळी ८:०५)

म्हणजे फुगतो तो बिचारा प्रामाणिक. सपाट राहतो तो खरा डांबिस.

अक्कलकोटरोड (सकाळी ९:४०)

जुनारेडिओ काकांनी बरोबर सांगितलं, त्यात थोडी भर. मी एमआयडीसीत लूमच्या इलेक्ट्रॉनिक्सचं मेंटेनन्स बघतो, त्यामुळे मेलेले कॅप पोत्याने पाहिलेत.

मल्टिमीटरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा म्हणजे अर्धाच तपास. कॅपच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रावात भिजवलेला कागद, अशी गुंडाळी असते. द्राव सुकत गेला की विजेला आत-बाहेर करायला अडथळा होतो. हा आतला अडथळा म्हणजे ईएसआर. घरच्या टाकीसारखं आहे हे. टाकी हजार लिटरची आहे आणि मोजली तर हजारच भरते, पण नळाच्या तोंडाशी क्षार बसलाय. अंघोळीला उभं राहिलं की धार करंगळीएवढी. मल्टिमीटर टाकी मोजतो, तीही निवांत. एसएमपीएसला (टीव्हीच्या पॉवर सप्लायला) हवी असते धार, कारण तो सेकंदाला पन्नास-साठ हजार वेळा भरतो आणि उपसतो.

ईएसआर मीटर ती धार मोजतो. अंदाज म्हणून सांगतो : १००० मायक्रो २५ व्होल्टचा चांगला लो-ईएसआर कॅप एक दशांश ओहमच्या आत दाखवतो, अर्धा ओहम दिसला तर टाकून द्या. ४७ मायक्रो ५० व्होल्टचा साधा कॅप एक ओहमच्या आसपास असतो, पाच-दहाच्या पुढे गेला तर संपला. हा मीटर साधारण १०० किलोहर्ट्झवर आणि अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्यामुळे शेजारचे डायोड, ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत आणि कॅप न सोडवता बोर्डावरच तपासता येतो.

दोन ठिकाणी फसवतो. दोन-तीन कॅप समांतर असतील तर एक चांगला असला तरी बाकीच्यांची अब्रू झाकली जाते. आणि शॉर्ट झालेला कॅप ईएसआर मीटरवर एकदम पैलवान दिसतो. म्हणून आधी ओहम रेंजवर शॉर्ट नाही ना, ते बघायचं.

होमदादा (९:५५)

टाकी भरायला आधी पाणी तर यायला पाहिजे मालक. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं.

सिरीजबल्ब (११:१०)

@अक्कलकोटरोड, साहेब, हे कारखान्यात शोभतं. माझ्या दुकानात दिवसाला आठ-दहा सेट येतात. सेकंडरीचे (ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या, कमी व्होल्टेजच्या बाजूचे) पाच-सहा कॅप सरसकट उपटायचे, नवे बसवायचे, शंभर-सव्वाशेचा माल आणि वीस मिनिटं. मोजत कोण बसणार?

अक्कलकोटरोड (११:३२)

आणि दोष सेकंडरीत नसलाच तर? शिवाय धागाकर्त्यांचा हात तुमच्यासारखा बसलेला नाही. सहा कॅप काढताना बोर्डावरचे दोन तांब्याचे पॅड उचकटले आणि एक कॅप उलटा बसला, की चालू शकणारा बोर्ड कायमचा गेला.

शेंगाचटणी (११:३५)

उलटा बसला तर होम मैदानावर जायला नको, सोलापूरच्या गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम घरातच.

सिरीजबल्ब (११:४४)

हसू नका, होतं तसं. माझ्याकडच्या एका पोराने पट्टी बघून बसवला, पण तो टँटलम जातीचा कॅप होता. टँटलमवर पट्टी असते ती धन बाजूची. नाकाखाली फुटला, भुवई जळाली. बोर्डावरच्या छापील खुणाही एका रीतीच्या नसतात. कुठे अधिक छापतात, कुठे ऋण बाजूचा अर्धा गोल रंगवतात. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचा, हा एकच खात्रीचा मार्ग.

काळीचार (दुपारी २:१५)

मी दुरुस्तीतली नाही, गाण्यातली आहे, पण एक अनुभव सांगते. माझा जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा गेल्या वर्षी विचित्र वागायला लागला. माझी पट्टी काळी चार. तानपुरा सुरू केला की तळाशी आणखी एक जाडसर सूर घुमायचा, काळी चारपेक्षा किंचित उतरलेला. रियाजाला बसलं की दहा मिनिटांत डोकं उठायचं. आधी वाटलं ट्यूनिंग गेलं. मग सहज काळी एक लावून बघितली. तानपुरा खाली गेला, तो घुमणारा सूर तिथल्या तिथे. मध्यम लावला, पंचम लावला, आवाज कमी केला, तो आपला ढिम्म. म्हणजे तो तानपुऱ्याच्या तारांचा नव्हताच. दुरुस्तीवाल्या काकांनी एक कॅपॅसिटर बदलला आणि गेला. तो सूर नेमका कसला होता, हे कुणी सांगेल का?

अक्कलकोटरोड (२:४०)

ताई, तुमच्या कानाला सलाम. तो शंभर हर्ट्झ. मेनची वीज पन्नास हर्ट्झची, रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतो म्हणून शंभर ठोके होतात. ते सपाट करायचं काम फिल्टर कॅपचं. तो सुकला की ठोके थेट स्पीकरमध्ये. काळी चारचा खालच्या सप्तकातला सूर एकशे चारच्या जवळ येतो, म्हणून तुम्हाला तो किंचित उतरलेला वाटायचा. मेनचा सूर तुमच्या पट्टीप्रमाणे हलणार कसा?

काळीचार (२:५१)

अगंबाई! म्हणजे मी महिनाभर वीज मंडळाच्या षड्जावर गात होते.

जुनारेडिओ (संध्याकाळी ५:३०)

वा! पट्टी बदलून दोष ओळखणं ही फार सुंदर चाचणी आहे, मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

आमच्या काळी ईएसआर मीटर नव्हते. काट्याचा मीटर ओहमवर लावायचा. चांगल्या कॅपला काटा झटक्यात उजवीकडे जातो आणि मग सावकाश परत येतो. गेला आणि आलाच नाही तर शॉर्ट. अर्ध्यात अडकला तर गळका. जागचा हललाच नाही तर आत पाय तुटलाय किंवा पार सुकलाय. आकडा मिळत नाही, पण स्वभाव कळतो.

दुसरी युक्ती खांद्यावर बसवण्याची. सेट बंद करून, डिस्चार्ज करून, संशयिताच्या पायांवर तेवढाच चांगला कॅप समांतर टाकायचा, मग सेट लावायचा. लक्षण गेलं तर चोर सापडला. मात्र हे सुकलेल्या कॅपलाच चालतं. शॉर्ट झालेल्याच्या डोक्यावर दुसरा बसवून काय होणार?

थोडं अवांतर. माळ्यावर वीस-तीस वर्षं पडलेला वाल्वचा रेडिओ कुणाला सापडला तर हौसेने थेट प्लगात घालू नका. कॅपमधला ऑक्साइडचा थर वापराविना झिजलेला असतो. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) तासा-दोन तासांत हळूहळू व्होल्टेज चढवायचं, म्हणजे थर परत धरतो. मी असे चार रेडिओ बोलते केलेत.

अक्कलकोटरोड (५:५०)

हेच आमच्याकडे व्हीएफडी ड्राइव्हला (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राला). वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेला ड्राइव्ह थेट थ्री फेजवर टाकला की बसचे (आतल्या डीसी लाइनवरचे) कॅप जातात. तिथे पावणेसहाशे-सहाशे व्होल्ट असतात, त्यामुळे वीज बंद केल्यावरही दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियमच आहे.

कडकभाकरी (६:०२)

फॅन.

सिरीजबल्ब (रात्री ९:३०)

दुपारी गिऱ्हाइकी होती. आता धागा नीट वाचला. धागाकर्ते, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये टिक-टिक लिहिलंय, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. माझं "सरसकट सेकंडरी" मागे घेतो. मला वाटतं दोष अलीकडे, प्रायमरीत (मेनच्या बाजूला) आहे.

शेतातला पंप आठवा. फूटव्हॉल्व्ह बसत नसेल तर पंप सुरू करायच्या आधी वरून कळशीभर पाणी ओतावं लागतं. त्या पाण्यावर पंप पहिला ओढा घेतो आणि एकदा विहिरीतलं पाणी वर आलं की पुढे आपोआप चालतो. कळशीच गळकी असेल तर? ओततो, पंप घुर्र करतो, पाणी संपतं, पंप सुटतो. परत ओता.

एसएमपीएसच्या कंट्रोलर आयसीशेजारी (सप्लाय चालवणाऱ्या चिपशेजारी) असा एक कळशीचा कॅप असतो, लहानसा, २२ किंवा ४७ मायक्रो ५० व्होल्टचा. मेनमधून मोठ्या रेझिस्टरमार्फत तो हळूहळू भरतो, ठराविक व्होल्टेज आलं की आयसी जागी होते आणि ट्रान्सफॉर्मरची छोटी वाइंडिंग तिला पोसायला लागते. कॅप सुकला असेल तर वाइंडिंग हातात घ्यायच्या आधीच व्होल्टेज पडतं आणि आयसी परत झोपते. हीच तुमची टिक. तापला की त्याचा ईएसआर उतरतो, म्हणून वीस मिनिटांनी लागतो. दुपारी लाइट जाऊन येते तेव्हा तो गरमच असतो, म्हणून तक्रार नाही.

हेअर ड्रायर आहे का घरात?

विजापूरवेसकर (९:४१)

आहे, पण माझा नाही. विचारून सांगतो.

सिरीजबल्ब (९:४८)

सकाळी थंडीत प्लग काढलेला ठेवूनच, कागदाची पुंगळी करून एकाच भागावर दोन मिनिटं गरम हवा मारा. ड्रायर बाजूला करा, मग प्लग लावा. चालू बोर्डावर ड्रायर नाचवू नका. आणि एका सकाळी एकच जागा. एकदा सेट लागला की सगळाच गरम होतो, मग दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोग संपला.

विजापूरवेसकर (१२ जानेवारी, सकाळी ८:२०)

अहवाल.

काल सकाळी सेकंडरीकडे, जिथे चार-पाच कॅप रांगेत आहेत तिथे हवा मारली. नेहमीसारखा एकोणीस मिनिटं टिकटिकला. आज आयसीजवळ, हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) अगदी चिकटून एक बुटका कॅप आहे, ४७ मायक्रो ५० व्होल्ट, त्याच्यावर मारली. प्लग लावला आणि दुसऱ्या टिकला चित्र! बायको म्हणाली, केस वाळवायला घेतलेल्या वस्तूचा इतका उपयोग आजच कळला. बाबांची तक्रार वेगळीच, रोज रात्री हुकूम कोण मोडतंय.

जुनारेडिओ (९:१०)

शाब्बास. माझ्याकडे ईएसआर दाखवणारा छोटा टेस्टर आहे. सात रस्त्याजवळच राहतो, निरोप पाठवून या. यात्रेची गर्दी आहे, गाडी लांब लावा.

विजापूरवेसकर (१३ जानेवारी, रात्री ९:३५)

गेलो होतो. नंदीध्वजाच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, अर्धा रस्ता चालत, खिशात कॅप. काकूंनी तिळगूळ दिला, काकांनी वाल्वचा रेडिओ ऐकवला आणि मग मोजलं.

मल्टिमीटरवर ३९. म्हणजे वीस टक्क्यांच्या आत, कागदोपत्री पास. काकांच्या टेस्टरवर ईएसआर ११ ओहम. त्यांच्या डब्यातला तसाच नवा कॅप लावला तर पाऊण ओहम. शेजारी शेजारी ठेवले तर दोघांत काडीचा फरक दिसत नाही, फक्त जुन्याचं प्लास्टिकचं आवरण हीटसिंककडच्या बाजूला थोडं आकसून वर सरकलंय.

सोल्डरिंग आयर्न लावताना एक घाण वास आला. तो काय होता?

सिरीजबल्ब (९:५०)

सुकटासारखा? मग झिरपलेला द्रावच. कॅमेऱ्याच्या जुन्या बोर्डांवर तो वास आला की आम्ही खिडकी उघडतो. नवा बसवण्याआधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून स्वच्छ करा, नाहीतर खालची तांब्याची रेघ खात राहतो.

शेंगाचटणी (९:५३)

मार्गशीर्ष संपल्यावर तरी चालतो का हा वास?

अक्कलकोटरोड (१०:१५)

नवा घेताना मायक्रो आणि व्होल्ट याच्याखाली एक तिसरा आकडा छापलेला असतो तो बघा : ८५ की १०५ अंश. इथे सोलापूरचं गणित येतं.

ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की कॅपचं आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २००० तासांचा कॅप ६५ अंशांत चालवला तर ३२००० तास निघतात. रोज बारा तास धरले तर सात वर्षं. तोच ७५ अंशांत चालला तर साडेतीन-पावणेचार. मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४३-४४, टीव्ही भिंतीला चिकटलेला, वर पत्रा असेल तर विचारू नका. आत हीटसिंकशेजारी ७५ म्हणजे काहीच नाही. आता तिथे ८५ अंशवाला, २००० तासांचा बसवला तर? ४००० तास. अकरा महिने. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यानंतर परत हीच टिकटिक.

शिवाय स्टँडबायलाही तो चालूच असतो. बाबांच्या हुकुमामुळे तुमचा कॅप बारा नाही, चोवीस तास ड्युटीवर होता.

विजापूरवेसकर (१०:२२)

हे त्यांना सांगायची हिंमत कुणाची.

एक कळलं नाही. उष्णतेने सुकतो तर दुखणं दिवाळीनंतर थंडीत का सुरू झालं? मेमध्ये का नाही?

जुनारेडिओ (१४ जानेवारी, सकाळी ६:४०)

कारण मेमध्ये सुकत असतानाच तो गरमही असतो. तेव्हा सकाळीसुद्धा खोलीत तीस अंश, उरलासुरला द्राव पातळ, निभावून जातं. जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा अंश, द्राव दाट होतो आणि उन्हाळ्यातली झीज तेव्हा उघडी पडते. दुकानदारांना विचारा, "सकाळी लागत नाही" असे सेट थंडीतच येतात.

सिरीजबल्ब (सकाळी १०:०५)

खरंय. माझं डिसेंबर-जानेवारीचं अर्धं उत्पन्न या तक्रारीवर.

घेताना आणखी एक, वजन बघा. एकदा मी मोठ्या फिल्टरचे कॅप स्वस्तात आणले, नाव जपानी कंपनीचं, निचिकॉनचं. हातात घेतला तर फुलासारखा हलका. कापून बघितला, मोठ्या डब्यात लहान कॅप आणि भोवती पोकळी. तेव्हापासून मोठ्या मालात केल्ट्रॉन मिळाला तर तो घेतो. केरळचा सरकारी कारखाना, वजनाला वजन.

आणि "४७ च्या जागी २२० टाकतो, आयुष्यभर बघायला नको" असली हुशारी करू नका. कळशी मोठी केली की भरायलाही वेळ लागतो, सेट उशिरा उठतो. व्होल्ट जास्त चालतात, ५० च्या जागी ६३ टाका बिनधास्त, फक्त उंची बघा.

विजापूरवेसकर (१६ जानेवारी, रात्री ९:०५)

नव्या पेठेत तीन दुकानं फिरलो. पहिल्याने ८५ चा दिला आणि म्हणाला सगळे हेच लावतात. दुसऱ्याकडे नव्हता. तिसऱ्याकडे १०५ चा, ४७/६३, मिळाला, आठ रुपये. हीटसिंकपासून दूर राहावा म्हणून पाय थोडे लांब ठेवून किंचित बाहेर कलवून बसवलाय. कलवताना दुसऱ्या कशाला टेकत नाही ना, ते बघितलं. काल रात्री बटण बंद, आज सकाळी सहा वाजता लावला : लाल दिवा, दोन सेकंद, चित्र. टिक नाही.

साडेतीन हजार विरुद्ध आठ रुपये, एक स्क्रूड्रायव्हर आणि काकूंचा तिळगूळ. सगळ्यांचे आभार, सिरीजबल्ब यांचे विशेष.

कागद अजून तसाच आहे. बाबा म्हणतात, राहू दे, सवय झालीय.

सिरीजबल्ब (९:२०)

उघडलाच होता तर सेकंडरीचेही बदलून घ्यायचे होते.

अक्कलकोटरोड (९:२२)

झालं यांचं सुरू. आधी मोजले का ते विचारा.

विजापूरवेसकर (९:३१)

मोजले. काकांचा टेस्टर दोन दिवस घरी आणला होता. पाचातले चार छान. एक १००० मायक्रोचा शून्य पूर्णांक तीन ओहम दाखवतो, तोही सोडवून, कारण शेजारच्याशी समांतर आहे. पुढच्या रविवारी त्याचा नंबर.

कडकभाकरी (९:४०)

गेले आठ दिवस मी हात वर करून बसलोय.

जुनारेडिओ (९:५५)

माफ करा, राहूनच गेलं. फॅनचा कंडेन्सर ही वेगळी जात आहे. त्यात द्राव नसतो, प्लास्टिकच्या फिल्मची गुंडाळी असते, त्याला धन-ऋण नसतं आणि त्याचा ईएसआर वगैरे बघायची गरज नाही. तिथे मल्टिमीटरचा आकडाच पुरेसा. डब्यावर बहुधा २.५ मायक्रो लिहिलेलं असेल. मोजल्यावर दीड-पावणेदोन आलं तर बदला, तेवढ्याच आकड्याचा घ्या. मेन स्विच बंद करून, पायांवर बल्ब टेकवून, मग.

कडकभाकरी (१७ जानेवारी, दुपारी १२:१०)

१.१ दाखवला. बदलला. फॅन आता इतका जोरात फिरतोय की कॅलेंडर उडालं आणि घरचे म्हणताहेत थंडीत कशाला लावला. पण एक नवीनच झालंय, कुईकुई आवाज येतोय. हे कशाने?